पांढरं जाणं, खाज, वास : घरी किती थांबायचं आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

निशिगंध_०७

हा धागा मुद्दाम खुल्या विभागात काढतेय. फक्त बायकांच्या विभागात काढला असता, तर ज्यांनी वाचायला हवा असे निम्मे लोक बाहेरच राहिले असते.

माझी धाकटी बहीण नाशिकला असते. वय ३४, दोन मुलं. दिवाळीपासून तिला खाली खाज, आग आणि अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास आहे. मेडिकलमधून एक गोळी आणि एक मलम आणते, थोडे दिवस बरं वाटतं, पुढच्या पाळीच्या आधी पुन्हा सुरू. सासूबाई म्हणतात, बाईच्या जातीला हे चालायचंच. जाऊबाई म्हणतात, उष्णता झालीय, सब्जा घे. नवऱ्याला तिने सांगितलेलंच नाही.

माझ्या मते आता अंगावर काढणं बस झालं. पण ती म्हणते, 'एवढ्याशासाठी कोण डॉक्टरकडे जातं?' तिला पटेल असं काहीतरी ठोस हवंय. नेहमीचं पांढरं जाणं आणि आजार यांतला फरक घरच्या घरी किती ओळखता येतो? कशाकशात अजिबात थांबायचं नाही? आणि तपासणीत नेमकं काय करतात? सगळ्यात जास्त धास्ती तिला त्याचीच आहे.

---

चाफेकळी

बरं झालं धागा काढलास. दाढेच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि लगेच मला हे सुरू झालं होतं. घट्ट पांढरं, वास काही नाही, पण खाज इतकी की ऑफिसात खुर्चीवर बसवेना. डॉक्टरांनी तपासलं, आत ठेवायची गोळी दिली आणि आठवड्यात थांबलं. बहिणीने मध्यंतरी कशासाठी अँटिबायोटिक घेतलं होतं का, विचार.

---

आजीचा_बटवा

तांदळाचं धुवण सकाळी उपाशीपोटी, खडीसाखर घालून. तुरटीच्या पाण्याने धुणं. तिखट, लोणचं, वांगं बंद. आमच्या घरात सगळ्या बायकांनी हेच केलं. लगेच गोळ्या कशाला?

---

फार्मासिस्ट_सांगली

मी काउंटरच्या या बाजूचा माणूस आहे, म्हणून सांगतो. बायका येतात त्या औषधाचं नाव घेत नाहीत. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसेल अशी वेळ बघतात आणि 'ती खाजेची गोळी द्या' म्हणतात. बऱ्याचदा नवऱ्याला किंवा मुलाला चिठ्ठी देऊन पाठवतात. त्या मुलाला मी काय विचारणार, वहिनी गरोदर आहेत का?

आणि नेमका तोच प्रश्न विचारायचा असतो. ही खाज बऱ्याचदा बुरशीच्या संसर्गाची असते. त्यावरची फ्लुकोनॅझोल नावाची तोंडाने घ्यायची गोळी गरोदरपणात द्यायची नसते. दुसरं त्या मलमाचं. बाजारात 'तीन औषधं एकात' अशी जी मलमं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मलमांत क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने खाज पटकन दबते, म्हणून बाईला वाटतं गुण आला. आतली बुरशी तशीच राहते आणि वरून लावून लावून त्या नाजूक जागेची कातडी पातळ होते. निशिगंधताई, त्या ट्यूबवर मागच्या बाजूला काय लिहिलंय ते बघायला सांगा.

चिठ्ठीशिवाय द्यायला नको, हे मला मान्य आहे. पण स्त्रीरोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावाला, एसटी दिवसातून दोनदा आणि बाई उभी राहून रडवेली झालेली, अशा वेळी नुसतं 'डॉक्टरकडे जा' म्हणून तिला परत पाठवणंही सोपं नसतं.

---

ओपीडीतून

तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. जरा सविस्तर लिहिते.

पांढरं जाणं हा प्रत्येक वेळी आजार नसतो. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत योनीमार्गातून थोडा स्राव रोज येतोच. पाळीनंतर कमी असतो, महिन्याच्या मध्यावर बीज सुटतं तेव्हा पातळ, पारदर्शक, तार धरणारा होतो, पाळीच्या आधी पुन्हा घट्ट होतो. कपड्यावर सुकला की पिवळसर डाग दिसतो, त्याने घाबरायचं कारण नाही. गरोदरपणात तो वाढतो. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, नेहमीपेक्षा वेगळं काही नाही, तर उपचाराची गरज नाही. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतला सामू साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी ठेवतात. बाहेरून येणाऱ्या जंतूंना तिथे थारा मिळू नये, अशी ही शरीराची स्वतःची व्यवस्था आहे.

ही व्यवस्था बिघडते तेव्हा बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण सापडतं. बुरशी, म्हणजे कँडिडा, असेल तर स्राव दह्याच्या कवड्यांसारखा, वास जवळपास नाही, खाज मात्र प्रचंड, बाहेरची जागा लाल होते, सुजते, लघवी लागली की चरचरते. दर चारपैकी तीन बायकांना हे आयुष्यात एकदा तरी होतं. अँटिबायोटिकनंतर, गरोदरपणात आणि साखर वाढलेली असताना जास्त. दुसरं कारण जिवाणूंचा समतोल ढळण्याचं. यात स्राव पातळ, राखाडी-पांढरा, खाज फारशी नाही, पण माशासारखा वास, आणि तो शरीरसंबंधानंतर जास्त जाणवतो. तिसरा ट्रायकोमोनास, हा संबंधातून पसरणारा एकपेशीय जीव. स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ, सोबत वास, खाज, आग सगळंच.

वाचून वाटेल, मग तर घरीच कळलं की. तसं होत नाही. दोन प्रकार एकत्र असू शकतात, आणि निम्म्या पेशंटची लक्षणं पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत. शिवाय बुरशीचं औषध जिवाणूंवर चालत नाही आणि जिवाणूंचं बुरशीवर. निशिगंध, तुमच्या बहिणीसारखं परत परत होत असेल, तर निदान बरोबर आहे का आणि ते का होतंय, हे दोन्ही प्रश्न अजून कोणी विचारलेलेच नाहीत, असा त्याचा अर्थ.

त्याच दिवशी निघायचं कधी? ओटीपोटात दुखतंय आणि ताप आहे. बाळंतपण, गर्भपात किंवा तांबी बसवल्यानंतर घाण वासाचा स्राव सुरू झालाय. गरोदर आहात आणि पाण्यासारखं काही गळतंय किंवा रक्त दिसतंय. हे अंगावर काढलं तर जंतू गर्भाशय आणि बीजनलिकांपर्यंत जातात, नळ्या बंद होतात, आणि पुढे मूल न राहणं किंवा गर्भ नळीतच राहणं अशा गोष्टी वाढून ठेवलेल्या असतात.

एक-दोन दिवसांत वेळ घ्यायची कधी? आयुष्यात पहिल्यांदाच असा त्रास होतोय. फोड किंवा जखम आहे. संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातंय. पाळी कायमची गेल्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी. औषध घेऊन आठवडाभरात उतार नाही, किंवा दोन महिन्यांच्या आत पुन्हा सुरू झालंय.

आता तपासणीबद्दल. आधी प्रश्न विचारतात. मग झोपवून बाहेरून बघतात, स्पेक्युलम नावाचं साधन आत घालून गर्भाशयाचं तोंड आणि स्राव बघतात, कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतात. पाच मिनिटांचं काम. अवघडल्यासारखं होतं, पण दुखायला नको. दुखलं तर 'थांबा' म्हणायचा पूर्ण हक्क आहे. स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की बुरशीचे धागे किंवा हलणारा ट्रायकोमोनास तिथेच दिसू शकतो. जाण्याआधी दोन दिवस आत कुठलंही औषध ठेवू नका, आतून धुऊ नका, आणि शक्यतो पाळी संपल्यावर जा. पण वर सांगितलेली तातडीची लक्षणं असतील, तर पाळी संपायची वाट बघू नका.

---

आजीचा_बटवा

डॉक्टर, माहिती छान. पण तुरटीचं पाणी वाईट कसं? स्वच्छताच होते ना?

---

ओपीडीतून

बटवा ताई, बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरेसं आहे. आतली जागा स्वतःची स्वतः स्वच्छ होत असते. तुरटी, डेटॉल, साबण, सुगंधी वॉश, काहीही आत गेलं की ते उपयोगी जिवाणू मरतात आणि वासाचा त्रास वाढतो. वास वाढला की बाई आणखी धुते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी या चक्रात अडकलेल्या असतात. तांदळाचं धुवण प्यायचं तर खुशाल प्या, त्याने अपाय नाही. पण तेवढ्यावर महिने काढू नका.

---

वैद्य_पैठणकर

आयुर्वेदात योनिधावन, म्हणजे योनीमार्ग आतून धुणं, आहे आणि ते त्रिफळ्यासारख्या काढ्यांनी करतात, तेव्हा सरसकट 'आतून धुऊ नका' हे मला पटत नाही. पण ते वैद्याने तपासून, ठरावीक रुग्णात, ठरावीक काळ करायचं कर्म आहे. व्हिडिओ बघून घरी रोज करायची गोष्ट नव्हे, इतकं मी स्वतः आवर्जून सांगतो. आणि ताप, ओटीपोटातलं दुखणं किंवा अवेळी रक्त असेल, तर मी पेशंटला थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवतो.

---

ओपीडीतून

आपलं धावनावर एकमत होणार नाही, पण तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार.

---

न्यूजर्सीकर_मधुरा

इथे अमेरिकेत बुरशीचं औषध दुकानात सरळ फळीवरून उचलता येतं. २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 'मला यीस्टच (म्हणजे ही बुरशीच) झालंय' असं स्वतःच ठरवून औषध विकत घेणाऱ्या ९५ जणींना तपासलं, तर फक्त यीस्ट असलेल्या जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. बाकीच्यांना जिवाणूंचा त्रास, नाहीतर मिश्र, आणि काही जणींना तर काहीच झालेलं नव्हतं. ही सगळी शिकलेली, लेबल वाचणारी मंडळी. निशिगंध, हे बहिणीला नक्की सांग.

---

जुनी_सिस्टर

मी एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, म्हणून नोकरी केली, बरीच वर्षं विदर्भात. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो आम्हाला प्रशिक्षणात सांगायचे. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी आतली तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. म्हणजे आजार जवळजवळ सगळ्यांना आणि तपासलेली जवळजवळ कोणीच नाही. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं.

बायका माझ्याकडे येत ते लसीकरणाच्या दिवशी. लेकराला टोचून झालं की बाकीच्या जाईपर्यंत रेंगाळायच्या. मग हळूच, 'सिस्टर, कंबर लई दुखते.' कंबरेवरून अर्ध्या तासाने मूळ तक्रारीवर. म्हणून आशाताईंना आम्ही सांगायचो, कंबरदुखी आणि अशक्तपणा म्हटलं की पुढचा प्रश्न तुम्हीच विचारा.

आणि एक. सरकारी दवाखान्यात यासाठी मोफत औषधांची रंगीत पाकिटं असतात, हे फार जणींना ठाऊक नाही. अंगावरून जाण्यासाठी हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं. जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे नाव गुप्त ठेवून तपासतात. १०९७ या मोफत नंबरवर आधी विचारताही येतं. पोरीबाळींसाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत.

---

घाटावरचा

पुरुष आहे, धागा मुद्दाम उघडला. बायकोला हा त्रास दोनदा झाला. डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही, औषधही दिलं नाही. नवऱ्यानेही उपचार घ्यायचे असतात का?

---

चाफेकळी

घाटावरचा, तुमचा हा प्रश्न प्रिंट काढून निदान दहा घरांत लावायला हवा :)

---

ओपीडीतून

फार महत्त्वाचं विचारलंत. ट्रायकोमोनास असेल तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायलाच हवं आणि पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचे. पुरुषाला बहुधा काहीच लक्षण नसतं, त्यामुळे 'मला काय धाड भरलीय' म्हणून तो घेत नाही आणि बायकोला पुन्हा होतं. बुरशीत नवऱ्याला खाज किंवा लाली असेल तरच उपचार. जिवाणूंच्या त्रासात आजवर नवऱ्याला औषध देत नसत. पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जोडप्यांवर केलेला अभ्यास आला. फक्त बायकोवर उपचार केले तिथे १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना पुन्हा त्रास झाला, दोघांवर केले तिथे ३५ टक्के जणींना. त्यामुळे परत परत होत असेल तर आता मी नवऱ्यालाही बोलावते. बायकोसोबत आत या, बाहेर बाकावर बसून राहू नका.

आणि बुरशी किंवा जिवाणूंचा त्रास झाला म्हणजे कोणी बाहेरख्याली आहे, असं मुळीच नाही. या संशयापायी मी घरं मोडताना पाहिली आहेत.

---

माजलगावची

मी बीड जिल्ह्यातली. हा धागा वाचताना एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. तुम्ही सगळ्या 'डॉक्टरांकडे जा' म्हणताय. आमच्याकडे बायका गेल्या. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय, म्हणून गेल्या. त्यांना सोनोग्राफीचा कागद दाखवून सांगितलं की पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाका.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे उलट पैसे कापले जातात. पहाटे फडात, रात्री मोळ्या भरायला गाडीवर. राहायच्या कोप्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, संडास नाही, न्हाणी नाही, पाळीचं कापड धुवायला पाणी नाही आणि वाळवायला ऊन लागेल असा आडोसा नाही. जंतुसंसर्ग होणार नाही तर काय होणार? आणि त्यावर उपाय काय, तर पिशवीच काढायची. बाईला वाटतं पाळीचीही कटकट गेली, खाडेही वाचले.

२०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यानंतर खासगी दवाखान्यांना ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. माझ्या चुलतीची पिशवी तिशीच्या आत काढली. बीजकोशही काढले, हे तिला वर्षांनी कागद बघून कळलं. आज ती पन्नाशीच्या आत आहे आणि हाडं म्हातारीची झालीत. तिला सुरुवातीला झालेला त्रास डॉक्टरताईंनी वर लिहिलाय तोच होता. हिरव्या पाकिटाचा.

म्हणून माझं म्हणणं, डॉक्टरकडे जाच. पण कोणी पिशवी काढायला सांगितली, तर तिथल्या तिथे हो म्हणू नका. कागद घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात दाखवा.

---

ओपीडीतून

माजलगावची, तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. डॉक्टर म्हणून लिहिते : फक्त अंगावरून पांढरं जाणं हे गर्भाशय काढण्याचं कारण नाही. 'गर्भाशयाच्या तोंडाला सूज' किंवा 'जखम' एवढं लिहिलेल्या कागदावर ऑपरेशन ठरत नाही. कॅन्सरची शंका असेल तर ती तपासून सिद्ध करावी लागते. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. तिथे सौम्य व्हिनेगरसारखं द्रावण लावून पांढरा डाग उमटतो का बघतात, उमटला तर पुढच्या तपासण्या. बीजकोश तरुणपणी काढले की पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम अंगावर येतात. चुलतींना हाडांची तपासणी करून उपचार नक्की मिळतील, त्यांना घेऊन जा.

---

कोपरी_ते_सीएसएमटी

खाड्यावरून लिहितेय. ऊसतोडीशी आमच्या त्रासाची तुलनाच नाही, पण मुंबईत फिरतीची नोकरी करणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण संडास कुठे सापडेल याचा भरवसा नाही. मग लघवीला जळजळ. ही आग आणि ती आग वेगळी कशी ओळखायची?

---

ओपीडीतून

लघवी करताना आतून जळजळ, सारखी लागणं, थोडीथोडी होणं, हे मूत्रमार्गाकडे बोट दाखवतं. लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर चरचरणं आणि सोबत स्राव किंवा खाज, हे योनीमार्गाकडे. लघवीची तपासणी केली की बरंचसं स्पष्ट होतं. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर मूत्रपिंडापर्यंत गेलंय, त्याच दिवशी दाखवा.

---

अनामिका_पुणे

वय २३, लग्न झालेलं नाही. गेले होते. पहिला प्रश्न 'लग्न झालंय का?' आणि नाही म्हटल्यावर पुढचं सगळं आईकडे बघून. संबंध नसताना संसर्ग होऊ शकतो ना?

---

जुनी_सिस्टर

होतो बाळा. बुरशी कोणालाही होते. 'मला एकटीला बोलायचंय' असं सांग, आईला दोन मिनिटं बाहेर थांबवतात. प्रश्न 'शरीरसंबंध आले आहेत का' असा हवा, लग्नाचा नाही. नसतील आले तर नुसतं बाहेरून बघून आणि काडीवर स्राव घेऊन भागतं. पुरुष डॉक्टर असतील तर सिस्टरला सोबत थांबवायला सांग, कोणी नाही म्हणणार नाही.

---

म्हापशेकर

एक वेगळी बाजू. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे २५०० बायकांची पाहणी केली होती, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला. आमच्याकडे समज असा की त्यातून अंगातलं सत्त्व जातं, म्हणून अशक्तपणा येतो. माझ्या आत्येला तपासणीत काही निघालं नाही, तरी ती वर्षानुवर्षं टॉनिक घेत होती. तिला खरी गरज कोणीतरी बसून विचारपूस करण्याची होती.

---

माजलगावची

म्हापशेकर, पटतंय. पण कृपा करून हे तपासणीच्या आधी कोणी बाईला सांगू नका. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' हे आम्हाला कधीचंच सांगून झालंय.

---

म्हापशेकर

अगदी बरोबर. आधी तपासणी, मग हे.

---

सुमन_५८

पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली. खाज आणि कोरडेपणा आहे, स्राव नाही. हे कशात बसतं?

---

ओपीडीतून

सुमनताई, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, त्याने आग-खाज होते. त्यावर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, तपासून देतात आणि चांगला गुण येतो. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांगा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे बुरशीचा त्रास वाढतो. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

---

दोन_लेकींची_आई

माझी पाच वर्षांची रात्री खाजवते. घाबरू का?

---

जुनी_सिस्टर

फक्त रात्री आणि मागच्या बाजूलाही असेल तर बहुधा जंत. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, औषध घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं असतं. पण इतक्या लहान मुलीला स्राव, वास किंवा रक्त दिसलं तर लगेच न्या. कधी खेळताना मणी, कागद आत गेलेला असतो. आणि कोणी त्रास दिलाय का, हेही शांतपणे बघावं लागतं. तिला रागावू नका.

---

निशिगंध_०७

सगळ्यांचे आभार. बहिणीला अख्खा धागा वाचून दाखवला. माजलगावची यांचा प्रतिसाद ऐकून ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली वेळ घे. काल तपासणी झाली. दुखलं नाही म्हणाली. बुरशीच निघाली. पण डॉक्टरांनी साखर तपासली, तर तीन महिन्यांच्या सरासरीची ७.९ आली, म्हणजे मधुमेहच. दुसऱ्या खेपेला गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर कोणी पुन्हा बघितलीच नाही. मलमात स्टिरॉइड होतं, ते बंद केलं. आता बुरशीचं औषध बरेच महिने घ्यायचं म्हणतात. एवढं लागतं का?

---

ओपीडीतून

हो. वर्षात तीन-चार वेळा होत असेल तर आधी पूर्ण उपचार आणि मग साधारण सहा महिने आठवड्यातून एकदा गोळी, अशी पद्धत आहे. मधेच सोडली की परत येतं. साखर आटोक्यात आली नाही तर औषधही पुरं पडत नाही. त्यातूनही राहिलं तर स्रावाचं कल्चर, म्हणजे त्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची तपासणी, करायला सांगा, काही जातींच्या बुरशीला नेहमीचं औषध लागू पडत नाही. गरोदरपणात साखर वाढलेल्या प्रत्येकीने बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी आणि पुढेही नियमित तपासावी. इथल्या वाचकांत अशा नक्कीच असतील.

---

नवी_सभासद

सातवा महिना चालू आहे. सकाळपासून कपडे सारखे ओले होताहेत, पाण्यासारखं, वास नाही, दुखत नाही. सासरचे म्हणतात या दिवसांत जातंच. वर वाचून शंका आली.

---

ओपीडीतून

आत्ता निघा. स्वच्छ पॅड लावा, आत काही घालू नका, फाइल सोबत घ्या. बाळाची हालचाल जाणवतेय का बघा आणि तिथे गेल्यावर ते पहिलं सांगा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

---

जुनी_सिस्टर

पोचल्यावर इथे एक ओळ टाक गं. मी जागी आहे.

---

नवी_सभासद

पोचले. दाखल करून घेतलंय. बाळाभोवतालचं पाणीच आहे म्हणाले, थोडं गळालंय. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन आणि अँटिबायोटिक सुरू केलंय. सासूबाई सोबत आहेत, त्याच फाइल घेऊन धावल्या.